बंबातली राख

माझी आई राख चाळून ठेवायची. सकाळी सगळ्यांच्या अंघोळी उरकल्या, बंब निवला, की जाळीखालची राख ती पत्र्यावर ओढायची आणि जुन्या पिठाच्या चाळणीनं चाळून डब्यात भरायची. त्या राखेनं भांडी घासली जायची. वांग्यावर मावा पडला की फडक्यात बांधून तीच राख पहाटेच्या दवात झाडांवर झाडायची. मूग-हुलग्याचं बी राख चोळून मडक्यात ठेवलं की किडा लागत नसे. उरली तर उकिरड्यात. राख वाया गेली असं आमच्या घरात कधी झालं नाही.

२००५-०६ च्या सुमाराची गोष्ट असेल. एका सकाळी आई चाळणी घेऊन अंगणात नुसतीच बसलेली दिसली. मी विचारलं, "काय झालं?" तिनं चाळणी माझ्यापुढं धरली. आत काळ्या गोळ्या होत्या. वितळून खड्यासारख्या घट्ट झालेल्या. एकीला चंदेरी कागदाचा तुकडा चिकटलेला.

"ही राख न्हाय पोरा," आई म्हणाली. "हिनं म्या भांडी घासायची न्हाय. आन् वांग्यावर तर मुळीच टाकू नगंस."

त्या दिवसापासून तिनं बाजारची पावडर आणायला लावली. मला तेव्हा वाटलं, म्हातारीचं काहीतरीच. बंबात चार दुधाच्या पिशव्या गेल्या तर काय बिघडतंय?

आता मी पासष्टीला आलोय आणि त्या चाळणीचीच आठवण येऊन हे लिहायला बसलोय. कारण गेल्या वर्षी आमच्या ग्रामसभेत कचरा 'स्वच्छ' जाळायचं यंत्र घ्यायचा विषय आला आणि विरोधाला उभा राहणारा मी एकटाच निघालो. तात्याला विकासाचं वावडं आहे, असं लोक बोलले. बोलू द्या. माझं म्हणणं काय आहे ते इथं सांगतो. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

पहिली गोष्ट, मी जाळण्याच्या विरोधात नाही. आमचं गाव नीरा उजव्या कालव्यावरचं, उसाचं. माझा बाप गुऱ्हाळावर जाळ घालायच्या कामाला जायचा. मी शाळा सुटली की त्याची भाकरी घेऊन जायचो आणि तिथंच बसायचो. चुलवाणात चिपाड टाकायचं म्हणजे ढकलून दिलं आणि झालं, असं नसतं. बाप मूठ-मूठ टाकायचा आणि मान वर करून धुराड्याकडं बघायचा. धुराड्यातनं काळा धूर निघाला की काहिलीवरचा गुळव्या ओरडायचा, "जाळ घालतुयास का जळण कोंबतुयास?" मी बापाला विचारलं, धूर काळा झाला म्हणून एवढं काय? तो म्हणाला, "धूर म्हंजी न जळाल्यालं जळण. आपला पैसा आभाळात चाललाय."

थोडं घालायचं, वाळलेलं घालायचं आणि वाऱ्याला वाट ठेवायची. एवढे तीन नियम. पुढं १९७६ साली मी दहावीला बसलो तेव्हा शास्त्राच्या पुस्तकात हेच निघालं. ज्वलनाला जळणारा पदार्थ लागतो, हवा लागते आणि उष्णता लागते. तिन्हीतलं एक कमी पडलं की धूर. ओलं जळण आधी स्वतःचं पाणी उकळून घालवतं, म्हणजे उष्णता तिथंच गेली. दाबून भरलं तर हवा गेली. मास्तरांनी विचारलं तेव्हा सगळ्यात आधी हात माझा वर होता, कारण मी ते गुऱ्हाळावर शिकून आलो होतो.

आपला तांब्याचा बंबही याच नियमावर चालतो. मधे नळा, खाली जाळी. नळ्यातून गरम हवा वर जाते, जाळीतून ताजी हवा आत ओढली जाते आणि चार काटक्यांत घरादाराचं पाणी तापतं. कुणाही इंजिनिअरनं बघून ठेवावी अशी ती वस्तू आहे. बंबात दोष नव्हता. दोष आम्ही आत घातलेल्या जिनसांचा होता.

आता माझा गुन्हा सांगतो. दूध पिशवीतून यायला लागलं, शाम्पू पुडीतून, पोरांचा खाऊ चंदेरी पाकिटातून. आधी उकिरडा सगळं पचवायचा. शेण, वैरणीची गळ, उष्टं, केस, चिंध्या, काय टाकाल ते वर्षानं खत होऊन शेतात जायचं. पिशवी त्याला पचेना. नांगराच्या फाळाला पिशव्या अडकायला लागल्या. मग आम्ही जाळायला लागलो. रॉकेल मिळेनासं झालं होतं आणि पिशवी कशी चटकन पेटते, म्हणून बंब पेटवायला तीच. रानात ठिबकच्या फुटक्या नळ्या, पीव्हीसी पाइपाचे तुकडे, टोमॅटोखालचा फाटका मल्चिंग पेपर, औषधांच्या बाटल्या, सगळं बांधावर रचायचं आणि काडी लावायची. काळा लोट कालव्यापलीकडं जायचा. मी लांब उभा राहून नाकाला टॉवेल लावायचो. टॉवेल लावावा लागतोय म्हणजे आपण काय करतोय, हा विचार मनात आला नाही.

२००० साली गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. अभियान चांगलंच होतं. लोक रस्त्यावर आले, झाडू हातात घेतले, संडास बांधले. पण आमच्या गावात कमिटी येणार म्हटलं की पहाटे चारला उठून गाव झाडायचं आणि सगळा ढीग ओढ्याकाठी नेऊन पेटवायचा. कमिटीची गाडी येईपर्यंत धूर विरलेला असायचा. डोळ्यांना दिसलं नाही की साफ झालं, ही सवय आम्हाला तिथं लागली. त्या कामात मी पुढं असायचो.

चार वर्षांमागं माझ्या नातीला खोकला लागला. सहा वर्षांची पोर. थंडीत पहाटे उठायची आणि ऊब लागते म्हणून बंबाजवळ जाऊन बसायची. तालुक्याला डॉक्टरांकडं नेली. त्यांनी छाती तपासली आणि सुनेला विचारलं, "घरात काय जाळता?" सून म्हणाली, "लाकूड." "आणखी?" ती माझ्याकडं बघायला लागली. मी जमिनीकडं. प्लॅस्टिकच्या धुरानंच खोकला झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पोरीला त्यापासून लांब ठेवा आणि ते जाळणं आधी बंद करा, एवढंच म्हणाले. घरी येताना एसटीत मला आईची चाळणी आठवली. आई तोवर गेली होती.

आता यंत्राकडं येतो. ग्रामसभेत एक विक्रेते आले. स्वच्छ कपडे, हातात रंगीत पुस्तिका. म्हणाले, या यंत्राला वीज नको, डिझेल नको. लोहचुंबकातून हवा आत जाते आणि कचऱ्याची आपोआप राख होते. ओला-सुका वेगळा करायची गरज नाही. प्लॅस्टिक, डायपर, भाजीपाला, सगळं एकत्र टाका. किंमत चार लाखांच्या घरात. सगळे माना डोलवायला लागले. मी उठलो.

"साहेब, धूर कुठं जातो?"

"पाण्यातून जातो. पाणी त्याला धुऊन काढतं."

"आणि ते पाणी कुठं जातं?"

"ते... गटारात सोडता येतं."

"आमचं गटार ओढ्याला जातं. ओढ्याकडंला गावाची विहीर आहे. बरं, आत उष्णता किती होते?"

"सातशे-आठशे अंश आरामात."

"मोजायचं घड्याळ कुठं बसवलंय?"

घड्याळ नव्हतं. सरपंच म्हणाले, "तात्या, बसा आता. दुसऱ्यांनाबी बोलू द्या." मी बसलो. पण जे बोलायचं राहिलं ते आता बोलतो.

वेगळं करायची गरज नाही, असं ज्या यंत्राबद्दल सांगतात ते यंत्र घेऊ नका. माझ्या बापाला ओलं चिपाड दिलं असतं तर त्यानं गुऱ्हाळ बंद केलं असतं. भाजीची देठं, उष्टं, खरकटं यात पाणीच जास्त. ते आत गेलं की आग बसते. आग बसली की प्लॅस्टिक जळत नाही, नुसतं घुसमटतं. चुंबकातून हवा गेली म्हणून तिची उष्णता वाढत नाही. हवा ती हवाच.

प्लॅस्टिक जाळायचंच म्हटलं तर काय लागतं, हे सरकारनंच लिहून ठेवलंय. दवाखान्यांचा कचरा जाळायच्या भट्टीसाठी २०१६ चे नियम आहेत. पहिल्या खोलीत ८०० अंश. तिथला धूर दुसऱ्या खोलीत न्यायचा, तिथं १,०५० अंशाच्या आसपास, आणि त्या उष्णतेत धुरानं निदान दोन सेकंद काढले पाहिजेत. वर ३० मीटर उंच धुराडं. म्हणजे साधारण शंभर फूट. आमच्या ग्रामसभेत दाखवलेल्या यंत्राचं धुराडं शाळेच्या झेंड्याच्या खांबापेक्षा ठेंगणं होतं. ते बसवायचं ठरलं होतं अंगणवाडीच्या मागं.

पीव्हीसीच्या पाइपात निम्म्याहून जास्त वजन क्लोरीनचं असतं. गोळ्यांची पाकिटंही बहुतेक त्याच जातीची. हे अर्धवट जळालं आणि धूर निवत गेला की त्यातून डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते हवेत विरून संपत नाही. गवतावर बसतं, गवत म्हैस खाते, तिच्या चरबीत ते साठतं आणि दुधातल्या स्निग्धात उतरतं. आपण फॅटवर भाव घेणारी माणसं. त्या फॅटमध्ये काय चाललंय याची चौकशी आपणच करायला नको का?

सभेत एका बाईनं मला अडवलं. रोजानं कामाला जाणारी बाई. ती म्हणाली, "तात्या, जाळू नगा म्हणताय. मग म्या करू काय? मला उकिरडा न्हाय, परडं न्हाय. घरासमोर गटार हाय. घंटागाडी आठ-आठ दिस येत न्हाय."

सगळ्या सभेत खरा प्रश्न हा एकच होता. यावर शहरातले लोक दंड सांगतात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ च्या डिसेंबरात उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड सांगितला, मोठा ढीग असेल तर २५,०००. कायदा म्हणून ठीक आहे. पण त्या बाईला ५,००० म्हणजे पंधरा-सतरा दिवसांची मजुरी. तिच्या दारात पुडी आणून पोचवणारा कोण, हे न विचारता तिच्याकडून दंड घेणं मला पटत नाही. आणि दंडाऐवजी यंत्र आणून तिच्याच पोराच्या अंगणवाडीमागं धूर सोडणं तर त्याहून पटत नाही.

तिला मी सभेत नीट उत्तर देऊ शकलो नाही. घरी आल्यावर आम्ही दारात तीन बादल्या आणि एक पोतं मांडलं. आठवडाभर बघितलं. ओल्याची बादली रोज भरत होती. पालापाचोळ्याची दोन दिवसांआड. तिसऱ्या बादलीत गोळ्यांची पाकिटं, बॅटरीचे सेल, ब्लेडं असलं थोडकं. प्लॅस्टिकचं पोतं आठवड्यात निम्मंही झालं नाही आणि वजन करायला गेलो तर काटा हलेना. म्हणजे बघा, ज्याच्यासाठी चार लाखांचं यंत्र आणायचं, ते घरटी दोन मुठी निघतंय. बाकीचं आपण त्यात मिसळतो म्हणून त्याचा डोंगर दिसतो.

ओल्याला उकिरडा आहे, नसेल तर दोन-चार घरांत मिळून एक खड्डा. ग्रामपंचायतीनं जागा द्यावी. त्या बाईच्या आळीत हे होऊ शकतं. गोबरगॅस असेल तर आणखी बरं. पुण्याच्या 'आरती' या संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या, शिळ्या अन्नावर चालणारा घरगुती गॅस केला.

वाळलेलं जाळायला माझी हरकत नाही, पण नीट जाळा. याच 'आरती'नं उसाच्या पाचटाचा कोळसा करायची भट्टी केली आणि त्या कामाला २००२ साली लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. पाचट बंद पिंपात भरतात, बाहेरून जाळ देतात आणि पिंपातून निघणारा वायू त्याच भट्टीत जळतो. आभाळात जाणारा धूरच जळण झाला. माझ्या बापाला ही भट्टी फार आवडली असती.

मला तेवढं जमणार नव्हतं. मी ऑइलचं जुनं पिंप घेतलं. बुडाला बोटभर रुंदीची वीस-पंचवीस भोकं पाडली आणि पिंप तीन विटांवर ठेवलं. आत तुरकाट्या, मक्याची बुरकुंडं, वाळल्या फांद्या भरल्या. झाकणाला मधे मोठं भोक पाडून त्यावर चार फुटांचा पत्र्याचा नळ उभा केला. झाकण पिंपावर घट्ट बसवायचं नाही, खाली तीन खडे ठेवून बोटभर फट ठेवायची. आणि पेटवायचं वरून. आपल्याला सवय खालून पेटवायची. खालून पेटवलं की वरचं सगळं जळण धुमसतं आणि त्याचा धूर सरळ बाहेर. वरून पेटवलं की आग हळूहळू खाली सरकते, खालून निघालेला धूर वरच्या जाळातून जातो, फटीतून ताजी हवा मिळते आणि तो धूर तिथंच जळतो. पहिली पाच मिनिटं थोडा धूर, पुढं नळाच्या तोंडाला नुसती हवा हलताना दिसते. जाळ तळाला पोचला की खालची भोकं मातीनं बुजवायची, वरनं झाकून लिंपायचं. दुसऱ्या दिवशी कोळसा. पाच किलोमागं साधारण किलोभर. शेणाच्या रबडीत भिजवून तो मी शेतात टाकतो. पेटवलेल्या पिंपाजवळ पोरांना फिरकू द्यायचं नाही आणि हे घरात करायचं नाही, एवढं पाळा. आणि त्यात प्लॅस्टिकचा एक तुकडाही जाऊ देऊ नका.

आता बाईमाणसाच्या पॅडचा विषय. माझ्या वयाच्या माणसानं बोलू नये म्हणतात. पण सुनेनंच मला सांगितलं, "मामा, रात्री उकिरड्यावर नेऊन जाळतो आम्ही सगळ्या. दुसरं काय करायचं?" त्यात प्लॅस्टिक असतं आणि ओल असते, म्हणजे जाळायला सगळ्यात वाईट. तरी ते भट्टीतच जायला पाहिजे, हे मीही मानतो. पण त्या दोन खोल्यांच्या भट्टीत. सरकारी दवाखान्याचा कचरा न्यायला गाडी येतेच. गावातून कागदात गुंडाळून वेगळं गोळा केलेलं त्याच गाडीत देण्याची सोय करा. चार लाख खर्चायचेत ना, मग या कामाला खर्चा.

राहिलं प्लॅस्टिकचं पोतं. धुऊन, वाळवून ठेवलेलं. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लॅस्टिकचं केंद्र करायला १६ लाखांपर्यंत तरतूद ठेवली. ५,००० च्या आतल्या वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत. आमचं गाव तीन हजारांचं, म्हणजे १ लाख ८० हजार. एवढ्यात एक शेड, पोती आणि महिन्यातून दोनदा तालुक्याला टेम्पो होतो. यंत्र घेतलं तर पैसा यंत्रात जाणार आणि टेम्पो कधीच निघणार नाही.

आणि कंपन्या? २०१६ च्या नियमात आणि २०२२ मध्ये आणखी स्पष्ट करून लिहिलंय की वेष्टन ज्यानं बाजारात आणलं त्याच्यावर त्याची जबाबदारी. ते ती जबाबदारी प्रमाणपत्रं घेऊन कागदावर पुरी करतात. एक रुपयाची पुडी आमच्या वाडीवस्तीवरच्या टपरीपर्यंत बिनचूक पोचते. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला तरी पोचते. रिकामी पुडी परत न्यायला आलेली गाडी मात्र मी अजून बघितली नाही. आपण ती स्वच्छ जाळायची यंत्रं घेत बसलो तर ती गाडी कधी येणारही नाही. त्यांचा कचरा आपल्या पैशानं आणि आपल्या छातीतून निकालात निघतोय, तर ते कशाला येतील?

माझं म्हणणं इतकंच आहे. मातीतून आलेलं कुजवा, नाहीतर वाळवून नीट जाळा. कारखान्यातून आलेलं कारखान्याकडं परत धाडा. तोवर ते पोत्यात पडून राहिलं तरी चालेल. पोत्यातलं प्लॅस्टिक उद्या नेता येतं, जाळलेलं कुणालाच परत आणता येत नाही.

आमच्या घरी आता बंबात फक्त लाकूड आणि काटक्या जातात. पेटायला पाच मिनिटं जास्त लागतात. नातीचा खोकला कमी आहे. कशानं कमी झाला ते मला ठामपणे सांगता येणार नाही. सुनेनं मात्र पुन्हा राख चाळायला सुरुवात केलीय.

यंत्राचा विषय त्या सभेत पुढं ढकलला गेला. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो परत येणार आहे असं कानावर आलंय. मी वाद घालणार नाही. विक्रेत्यांना एवढंच सांगणार आहे की, तुमच्या यंत्रातली मूठभर राख घेऊन या आणि तिनं सरपंचांच्या घरातली जेवायची ताटं सगळ्यांसमोर घासून दाखवा. ताटं घासून झाली, त्यात सरपंच आणि तुम्ही मिळून जेवलात, की ठरावावर पहिली सही मी करतो.